मोजणी उतरायचे दिवस

ऑक्टोबरचं ऊन तापलं की मला अजूनही कारण नसताना धास्ती वाटायला लागते. डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत कुंड्यांमधली माती कडांनी सुटते, दुपारी कावळेसुद्धा गप्प होतात, आणि मी आडवी झाले की डोक्यावरचा पंखा दर फेरीला एकदा टक् असा वाजतो. मुलगी म्हणते, आई, माणूस बोलावून तेल घालून घेऊ. मी नको म्हणते. पडल्या पडल्या त्या टकटकी मोजत राहते, आणि मध्येच एखादी चुकल्यासारखी वाटली की छातीत धस्स होतं. मग उठून पाणी पिते.

मी मुळातच घोर लावून घेणारी बाई. कल्याणला माहेरी माझी आई म्हणायची, हिला काळजी करायला काही मिळालं नाही तर ही त्याचीच काळजी करील. दुधावर झाकण आहे की नाही ते मी तीनदा बघून यायची. परीक्षेत पेपर सोपा गेला तर घरी येऊन रडायची, कारण सोपा गेला म्हणजे नक्की काहीतरी सुटलं असणार. पण त्या सगळ्या काळज्या हौसेच्या होत्या. खरी काळजी कशाशी खातात ते मला लग्नानंतर, ठाण्यात, एका पत्र्याच्या खोलीत कळलं. चौपन्न साल उजाडायच्या आधीचा तो हिवाळा होता आणि त्याची सुरुवात अशाच रखरखीत उन्हात झाली होती.

माझं सासर टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत. तिथून दोन गल्ल्या पलीकडे सरांचं घर. सर म्हणजे कॉलेजात मला पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. बीएस्सी होऊन मी लग्न करून त्यांच्याच गावात येऊन पडले, तेव्हा त्यांनी आमच्या घरी येऊन, सासूबाईंना नमस्कार करून, मला कामासाठी मागून घेतलं. त्यांच्या परसात एक खोली होती. पूर्वी तिथे जळण आणि नारळ ठेवत. सरांनी तिची जड कौलं उतरवून वर पातळ पत्रा घातला होता आणि आत एका लाकडी चौकटीत पितळेच्या नळ्यांच्या रांगा एकाखाली एक बसवल्या होत्या. मधे शिशाच्या विटा. बाजूला एक पेटी, आणि पेटीवर विजेच्या मीटरमध्ये असतात तसे आकडे. नळ्यांच्या वरच्या रांगेतून शिरलेला कण खालच्या रांगेतूनही बाहेर पडला, की पेटी टक् करून एक आकडा पुढे सरके.

हे कण आकाशातून यायचे. सूर्याच्याही पलीकडून, कुठून ते तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. विश्वकिरण म्हणायचं त्यांना. ते दिवसरात्र आपल्यावर पडत असतात, पत्र्यातून, डोक्यातून, हातातल्या ताटातून आरपार जातात आणि आपल्याला कळतही नाही, हे मी पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढून घेतला. पुढे कितीतरी दिवस त्या अंगणात वाळवण घालताना आभाळाकडे संशयाने बघत.

माझं काम सोपं होतं. सकाळची जेवणं उरकून जायचं, दर तासाला पेटीवरचा आकडा वाचायचा, हवेचा दाब वाचायचा, तपमान वाचायचं, आणि सगळं लिहून ठेवायचं. दाब वाढला की कण थोडे कमी पोचतात, म्हणून ती दुरुस्ती करायची. सकाळ-संध्याकाळचं वाचन सर स्वतः घेत. खोलीत उष्मा असे, पत्रा तडतडे, परसातल्या चाफ्याचा आणि शेणाचा एकत्र वास येई. त्या टकटकीत मला विलक्षण बरं वाटायचं. घरात मी कुणाची तरी सून, कुणाची तरी वहिनी होते. तिथे मी फक्त मोजत होते, आणि जे मोजत होते ते लग्नाआधी शिकलेलं माझं स्वतःचं होतं. ती खोली हातची जाऊ नये एवढंच मला त्या दिवसांत देवाकडे मागायचं असे. म्हणजे, आणखी एक मागणं होतं. पण ते सासूबाई माझ्या वतीने मागत असत.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सासूबाई बोलून दाखवत नसत. वाईट बाई नव्हत्याच त्या. पण महिन्याच्या महिन्याला मी मागच्या पडवीत तरटावर जाऊन बसले, की त्या माझ्या ताटात वरून भात वाढताना एक उसासा टाकत, आणि तो उसासा मला तीन दिवस पुरायचा. बाजूला बसायच्या त्या दिवसांत स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, कपड्यांना हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. दिवसभर करायचं काय? सासूबाईंनीच तोडगा काढला. म्हणाल्या, इथे सगळ्यांच्या पायात येण्यापेक्षा तिकडे जाऊन बस, पण गल्लीकडच्या मागच्या दाराने जा आणि त्यांच्या विहिरीकडे फिरकू नकोस. म्हणून त्या दिवसांत मी सकाळी लवकरच सरांकडे जाई आणि दिवेलागणीपर्यंत थांबे. महिन्यातले माझे सर्वांत दुःखाचे दिवस हेच माझ्या कामाचे सर्वांत भरघोस दिवस होते.

सरांच्या घरी त्यांची विधवा आत्या असे. सर सडेफटिंग, त्यामुळे घर आत्याबाईंच्या ताब्यात. कडक सोवळ्याच्या, पण हसऱ्या. मशीनला त्या टकटक्या म्हणत आणि त्याची चौकशी जावयाची करावी तशी करत. त्यांना माझ्या मागच्या दाराची भानगड ठाऊक नव्हती.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. मी पडवीतून उठून गेले होते. तासाचा आकडा लिहिला, मागचा बघितला, परत लिहिला. मोजणी कमी होती. फार नाही, शंभरातला एखादा कण गळाला असेल. दुसऱ्या दिवशी तशीच, तिसऱ्या दिवशी थोडी सावरली, आणि मग हळूहळू चार-सहा दिवसांत जागेवर आली. सरांना वाटलं एखादी नळी दमली. त्यांनी नळ्या तपासल्या, तारा घासल्या, दाबाची दुरुस्ती नव्याने केली. दोष सापडला नाही. असेल काहीतरी, म्हणाले.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ती पुन्हा उतरली.

मला तो दिवस चांगला आठवतो, कारण त्या संध्याकाळी आमच्या अंगणात ऊस आणि चिंचा-आवळे मांडून तुळशीचं लग्न चाललं होतं आणि मी पडवीच्या कोपऱ्यातून अक्षता न टाकता ते बघत होते. तुळशीला त्या दिवसांत हात लावला तर ती वाळते म्हणतात. मंगलाष्टकं चालली असताना माझ्या डोक्यात दिवसभराचे आकडे फिरत होते आणि एकदम मनात पाल चुकचुकली. मागच्या वेळी मोजणी उतरली तेव्हाही मी इथेच बसले होते.

मी शिकलेली होते हो. नळीत काय होतं ते मला माहीत होतं. कॉलेजात असताना मैत्रिणींमध्ये बसून मी या शिवाशिवीची टिंगल केली होती. पण खरं सांगायचं तर टिंगल करूनही त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला मी कधी हात लावला नव्हता. लोणचं नासलंच तर? परीक्षा कशाला बघा? अशा शंभर घरांमधल्या शंभर बायका शंभर वर्षं बरणीपासून लांब राहिल्या, त्यामुळे ते खरं की खोटं हे कुणीच बघितलं नाही. आणि आता माझ्यासमोर एक अशी बरणी होती की जी दर तासाला आपली चव आकड्यांत सांगत होती.

तो महिना मी कसा काढला माझं मला माहीत. रस्त्याने जाताना तलावपाळीवर थबकून पाण्याकडे बघत राहायची. जेवण जाईना. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोनदा विचारलं, काय झालंय? सांगणार काय? माझ्या अंगातून काहीतरी निघतं आणि ते आकाशातले कण अडवतं, असं? हे सरळ माणूस. त्यांनी मला एखाद्या वैद्याकडे नेलं असतं. सरांना सांगणं तर शक्यच नव्हतं. त्या काळात या गोष्टी बाईने बाईला सांगतानाही आवाज उतरत असे.

मार्गशीर्षात ते दिवस आले तेव्हा मी स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली. खोलीत पाऊलच टाकायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून, टाचा उंच करून, मान लांबवून पेटीवरचा आकडा वाचायचा. दाबाचा काटा तिथून दिसत नव्हता, म्हणून तेवढ्यापुरती पदर आवरून, श्वास रोखून आत जायची, वाचून पळत बाहेर यायची. कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. आणि मोजणी उतरली. उतरायची ती उतरलीच. पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं, म्हणजे माझा संबंध नाही. मग उन्हाकडे लक्ष गेलं. दुपारच्या तिरप्या उन्हात माझी सावली उंबरा ओलांडून थेट शिशाच्या विटांवर पडली होती. आमच्या घरात त्या दिवसांत सावलीसुद्धा चालत नसे. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

सर त्या दिवसांत सूर्य बघत होते. लहानशी दुर्बीण सूर्याकडे रोखून मागे पांढरा कागद धरला की कागदावर सूर्याचं बिंब उतरतं, आणि त्याच्या अंगावर डाग असतील तर तेही दिसतात. सूर्यावर मोठी खळबळ झाली की पृथ्वीवर पोचणारे विश्वकिरण कमी होतात हे तेव्हा माहीत होतं. आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याची तीच बाजू आपल्यासमोर यायला सत्तावीस दिवस लागतात, हेही. मोजणीचं आवर्तन त्याच्याशी जुळत होतं. सर उत्साहात येऊन रोज दुपारी परसात कागद धरून उभे राहत. मीही बाजूला उभी राहून देवाची करुणा भाकत असे की एक डाग दिसू दे. एवढासा, तिळाएवढा. त्याच्या नावावर सगळं घालता आलं असतं. पण ती सूर्याची शांत वर्षं होती. कागदावर दिवसामागून दिवस स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखं बिंब. सर म्हणाले, सूर्य फिरतो हे कबूल, पण त्याच्या अंगावर काही नाहीच, तर तो फिरवून आणणार काय?

मग त्यांनी कागद गुंडाळला आणि खोलीकडे वळून बघितलं. सूर्यावर कारण नाही, म्हणजे ते घरात असणार.

नाताळच्या सुट्टीत एका दुपारी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. समोर आलेखाच्या कागदावर तीन महिन्यांच्या मोजणीची रेघ काढली होती आणि तिच्यात तीन खड्डे होते. सर फार सभ्य माणूस. त्यांनी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग पेन्सिल फिरवत म्हणाले,

"एक विचारतो, राग मानू नका. महिन्यातले काही दिवस तुम्ही फार लवकर येता आणि अंधार पडेपर्यंत थांबता. ते दिवस आणि हे खड्डे एकच आहेत. त्या दिवसांत वेगळं असं काय असतं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"तुला कसं कळणार रे," त्या सरांना म्हणाल्या, "ते तिचे बाजूला बसायचे दिवस आहेत."

सर कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. पेन्सिली एका ओळीत लावायला लागले. आत्याबाईंनी चहाचा कप हातात न देता माझ्यापासून जरा दूर खाली ठेवला. खरं म्हणजे त्या दिवशी तसं काही नव्हतं. सवयीने ठेवला असेल. तो कप मी अजून विसरले नाही.

सावरल्यावर सर म्हणाले की विटाळबिटाळ ते मानत नाहीत. पण माणूस जास्त वेळ खोलीत राहिला की दार जास्त उघडलं जातं, श्वासाने हवा दमट होते, उच्च दाबाची वीज आहे, तिला दमटपणा चालत नाही. कारण साधं असेल, पण तपासायला हवं. संक्रांतीच्या आसपास पुढचा खड्डा यायला हवा. तुमचे ते दिवस सुरू झाले की येऊ नका, मी रजा काढून स्वतः वाचन घेईन. तुम्ही नसताना मोजणी उतरली नाही, तर... पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते मीच पुरं केलं, रोज, वाटेने जाता-येता. तर मग ही खोली माझी नाही.

आत्या विटाळ म्हणत होती, भाचा दमटपणा म्हणत होता. दोघांवरही मला रागावता येईना, कारण माझा मला भरवसा नव्हता.

संक्रांत जवळ आली तशी ठाण्यात थंडी पडली. सकाळी खाडीकडून, कोलशेतच्या बाजूने, बोचरा वारा येई. घराघरात तीळ भाजल्याचा वास. सासूबाई हलव्याच्या कढईशी बसून होत्या आणि मी बोटांवर दिवस मोजत होते. आज येतील ते दिवस, उद्या येतील. आले की घरी बसायचं आणि तिकडे काय होतंय याची वाट बघायची. आले नाहीत. मला वाटलं काळजीने पुढे गेले असतील. आणखी दिवस गेले. सासूबाईंनी एकदा स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं आणि हलव्याचे दाणे हलवत राहिल्या. त्या टिटवाळ्याला गणपतीला काहीतरी बोलून आल्या होत्या हे मला ठाऊक होतं. मी मात्र आशा करायलाही भीत होते. गेल्या वर्षी एकदा असेच दिवस वर गेले होते आणि मी मनातल्या मनात नावं ठरवेपर्यंत पडवीत जाऊन बसायची वेळ आली होती.

त्यामुळे मी कुणाला काही बोलले नाही. दिवस आले नव्हते, तेव्हा मनाई नव्हती. मी रोज नेहमीच्या वेळी जात राहिले. दारात आत्याबाई डोळ्यांनी विचारत, मी मान हलवून नाही म्हणत असे आणि आत जाई. आत आकडे नीट चालले होते. टक्, टक्, टक्. मोजणी जागेवर होती आणि त्याचाच मला धाक वाटायला लागला. माझे दिवस नाहीत म्हणून ही उतरत नसेल, तर?

भोगीच्या दिवशी दुपारी ती उतरायला लागली. मी आकडा लिहिला, दाब वाचला, बोटांवर दुरुस्ती केली, पुन्हा केली. पुढच्या तासाला आणखी खाली. मी तिथे उभी होते, अंगावर कसलाही विटाळ नव्हता, नेहमीपेक्षा मिनिटभरही जास्त थांबले नव्हते, दार लावलेलं होतं, आणि कण कमी पडत होते. माझ्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. कधीच नव्हतं. मला त्या पेटीला मिठी मारावीशी वाटली.

संध्याकाळी सर आले. त्यांनी दिवसभराचे आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. रागावले नाहीत, दुखावले गेले.

"मी तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं," ते म्हणाले. "निदान या वेळी तरी."

त्यांना वाटलं होतं मी शब्द मोडला. मोजणी उतरली म्हणजे माझे ते दिवस असणारच, इतकं त्यांच्या मनात ते पक्कं बसलं होतं. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प राहायचं, चौथा खड्डाही माझ्या नावावर लिहू द्यायचा आणि खोली सोडायची. नाहीतर एका परक्या पुरुषाला, माझ्या गुरूला, जे मी अजून नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते सांगायचं. आणि तेही खात्री नसताना. उद्या सकाळी उठून ते खोटं ठरलं असतं तर मी दोन्हीकडून बुडाले असते.

"सर, ते दिवस आलेच नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "यायला हवे होते, आले नाहीत. तरी मोजणी उतरलीय."

मला दिसलं की सरांना फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं आहे. ते धावत खोलीत गेले, आकडे पुन्हा तपासले, दार लावून थांबले, उघडून थांबले, आणि आतून मोठ्याने म्हणाले, खोलीत दोष नाही, खोलीत काही दोष नाही. त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिन्यांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं.

पहिलं वाक्य आत्याबाईंनी ऐकलं होतं. त्या तिळाच्या पाकाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. सोवळंबिवळं विसरून त्यांनी मला जवळ ओढलं, किती दिवस वर गेले ते कानात विचारलं, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. गाल चिकट झाला. मग आत जाऊन तिळाची वडी आणून त्यांनी मला स्वतःच्या हाताने भरवली.

"आता मात्र त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "काय काय पडतंय त्यातून आभाळातलं, कोण जाणे. पोटातल्याला सोसायचं नाही."

मी सरांकडे बघितलं. ते खोलीतून बाहेर येत होते. त्यांना आता सगळं समजलं होतं आणि ते पुन्हा लाल झाले होते. मला वाटलं ते सांगतील की विश्वकिरण खोलीतच पडतात असं नाही, स्वयंपाकघरातही तेवढेच पडतात. त्यांनीच मला ते शिकवलं होतं. ते म्हणाले, "आत्या म्हणते ते बरोबर आहे. शिसं आहे, वीज आहे. आता तुम्ही विश्रांती घ्या."

मी घरी आले. सासूबाईंनी माझ्या गालावरचा चिकट डाग बघितला आणि काही विचारायच्या आतच रडायला लागल्या. त्या संक्रांतीला आमच्या घरचं हळदीकुंकू मी केलं, वाणं लुटली, सगळ्या बायकांनी माझी ओटी भरली. मला आनंद झाला होता. खोटं का सांगू, फार आनंद झाला होता. आणि रात्री पाठ टेकली की कानात टकटक सुरू होई आणि वाटे, आता कोण वाचत असेल? दाबाची दुरुस्ती नीट करत असेल ना? मोजणी उतरली तरी ज्या खोलीतून मला कुणी बाहेर काढलं नव्हतं, तिथून मी निर्दोष ठरल्याच्या संध्याकाळी बाहेर पडले होते.

माघात पुढचा खड्डा यायचा होता. मी डोहाळ्यांनी बेजार. दिवस जवळ आले तशी माझी जुनी धाकधूक परत आली. या वेळी मी खोलीत नाही, आणि आता मोजणी उतरलीच नाही तर? संक्रांतीचा एक खड्डा अपवाद म्हणून सोडून देतील आणि आधीचे तीन माझ्या अंगाला चिकटतील. ह्यांना मी सगळं सांगितलं होतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, आधी सांगायचंस. एका संध्याकाळी मी त्यांना सरांकडे पाठवलं. ते परत येईपर्यंत मी देवासमोर बसून होते. चपला काढता काढता त्यांनी बाहेरूनच सांगितलं, "उतरली म्हणे." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

खड्डे पुढेही येत राहिले. कितीतरी वर्षांनी, माणसाने यंत्रं पृथ्वीच्या बाहेर पाठवल्यावर, त्याचं कारण कळलं. सूर्यापासून सतत एक वारा वाहत असतो. त्याच्या बाहेरच्या वातावरणात काही विरळ जागा असतात, साध्या दुर्बिणीच्या कागदावर त्यांचा मागमूसही दिसत नाही, आणि त्यांतून हा वारा फार जोरात सुटतो. सूर्य फिरत असतो, त्यामुळे सडा घालणारी बाई गोल फिरत पाणी फेकते तसा तो झोत फिरत येतो, पृथ्वीवरून जातो, आणि जाताना दुरून येणाऱ्या विश्वकिरणांना थोडं मागे लोटतो. मोजणी उतरते. ती जागा सूर्यावर महिनोन् महिने टिकली, तर झोतही दर फेरीला परत येतो. हे मी मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात वाचलं. वाचून झाल्यावर गॅलरीत जाऊन सूर्याकडे डोळे बारीक करून बघितलं. अगदी साळसूद दिसत होता.

पण त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलगी पाच-सहा महिन्यांची असताना सरांचा निबंध छापून आला. एक प्रत घेऊन ते आमच्याकडे आले, मुलीच्या हातावर काहीतरी ठेवलं, आणि पुन्हा कामावर कधी येता असं विचारावं की नाही या विचारात चहा पिऊन गेले. विचारलं नाही. आता तिथे त्यांचा एक विद्यार्थी वाचन घेत होता.

ते गेल्यावर मी मुलीला मांडीवर घेऊन निबंध वाचायला बसले. इंग्रजीत होता. त्यात रेघा होत्या, खड्डे होते, सूर्याचं स्वच्छ बिंब होतं. सासूबाई भाजी निवडत समोर बसल्या आणि म्हणाल्या, तू एवढी तिथे जात होतीस, तुझं नाव असेल ना यात? मी शेवटपर्यंत बघितलं. नाव नव्हतं. पण यंत्राच्या दोषांची छाननी केलेल्या परिच्छेदात एक वाक्य होतं. ते मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं: वाचन घेणारी व्यक्ती बदलूनही मोजणीतली घट कायम राहिली.

"मग यात तू कुठे आहेस?" सासूबाईंनी विचारलं.

मी 'बदलून'साठीच्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं.